ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यातून कॅन्सरचं कारण शोधणारे डॉ. खानोलकर

हिंगणघाटच्या पानठेल्यांवर खर्रा घोटून घेणारी माणसं सकाळपासून दिसतात. त्यातल्या कुणाच्या तोंडातला चट्टा महिना झाला तरी भरला नाही, की सेवाग्राम नाहीतर नागपूर गाठावं लागतं. तिथं डॉक्टर सांगतात, तुकडा काढून तपासायला पाठवू. पण त्या तुकड्यात बघतात तरी काय, हे सहसा कुणी विचारत नाही.

भारतात या तुकड्याची किंमत ज्यांनी ओळखली, त्यात पहिलं नाव येतं डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचं.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. १९२३ ला लंडन विद्यापीठातून त्यांनी पॅथॉलॉजीत एमडी केलं. शरीरातल्या ऊती, म्हणजे पेशींचे थर तपासून आजार ओळखायचा, हे या शाखेचं काम. यात पेशंट समोर नसतो आणि नाव होतं ते सर्जनचं. तरीही खानोलकरांनी हीच वाट धरली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी हाच विषय शिकवला.

१९४१ ला परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं खानोलकरांकडे आली.

ऑपरेशनमध्ये काढलेला भाग फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, मेणात बसवायचा, त्याचा केसाहून पातळ काप घ्यायचा, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. निदान झालं की काम संपलं, असं मानता आलं असतं. खानोलकरांनी तुकड्यासोबत माणसाच्या सवयीही बघितल्या. तो राहतो कुठं, खातो काय, नेसतो काय?

१९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १,००० केसेसचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी सवयींशी जोडलेल्या तीन कॅन्सरवर त्यांचा लेख आला. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा ओढताना पेटतं टोक तोंडात ठेवायची पद्धत होती, तिथं कॅन्सर टाळूला व्हायचा. बिहारकडं खैनी, म्हणजे चुना लावलेली तंबाखू, खालच्या ओठात धरायचे, तिथं तो ओठाला व्हायचा. आणि वर्षानुवर्षं कमरेला घट्ट धोतर नेसून जिथं कातडी घासली जाते, नेमका तिथंच त्वचेचा कॅन्सर सापडला. जागा सांगितली की सवय कळावी, इतका सरळ संबंध! तंबाखू आणि कॅन्सरचं नातं सिगारेटवरून जगभर गाजलं ते १९५० नंतर.

पुढं १९५२ ला मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं, त्याचे पहिले संचालक खानोलकरच. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी पीएचडी त्यांच्याच हाताखाली केली आणि पेशी प्रयोगशाळेत वाढवून अभ्यासायचं काम या संस्थेत उभं केलं. खानोलकर कुष्ठरोगावरही काम करत होते. पद्मभूषण मिळालं, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरूपदही आलं. २९ ऑक्टोबर १९७८ ला ते गेले.

त्यानंतर वर्षभरातच, १९७९ मध्ये, अमेरिकेतल्या बफेलो शहरात रॉसवेल पार्कच्या संशोधकांनी माणसाच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या ऊतीतून एक प्रोटीन वेगळं काढलं. तेच पीएसए. आज साठीतल्या पुरुषांना लघवीचा त्रास झाला की रक्तात तपासतात ते हेच. पण ते निरोगी ग्रंथीतही बनतं आणि ग्रंथी नुसती वाढली तरी रक्तात वाढतं. म्हणून ऑपरेशनमध्ये काढलेल्या प्रोस्टेटमधून आणखी नेमकी प्रोटीन्स शोधणं सुरू आहे. त्यासाठी तुकडा लगेच गोठवतात, नाहीतर प्रोटीन्स तुटायला लागतात. मग मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र एकाच ग्रंथीतल्या कॅन्सरच्या आणि चांगल्या भागातली हजारो प्रोटीन्स ताडून बघतं.

अडचण एकच. प्रोस्टेटमध्ये कॅन्सर बऱ्याचदा बारीक ठिपक्यांसारखा विखुरलेला असतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. चुकीचा भाग यंत्रात गेला तर आकडे येतील, पण ते कॅन्सरचे नसतील. त्यामुळं यंत्राआधी तोच पातळ काप, तोच रंग आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेला पॅथॉलॉजिस्ट लागतो.