रमाबाई रानडे यांचे वक्तृत्व

महाराष्ट्रातील एका थोर स्त्रीने आपले पहिले जाहीर भाषण आमच्या ह्या नाशिक नगरीत केले, ही गोष्ट येथील मुलामुलींस फारशी ठाऊक नसावी. ती स्त्री म्हणजे श्रीमती रमाबाई रानडे.

त्यांचे माहेर सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांचे. 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती माधवराव रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी त्यांस अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी लग्न होताच शिकविण्यास आरंभ केला. परंतु घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस ते मुळीच रुचले नाही. पुढे पुण्यास मिस हरफर्ड नावाच्या मिशनरी बाई इंग्रजी शिकवावयास येऊ लागल्या, तेव्हा तर टोमण्यांस सीमाच राहिली नाही. उलट उत्तर करावयाचे नाही आणि अभ्यासही सोडावयाचा नाही, अशी पतीची शिकवण होती व ती रमाबाईंनी पाळली. आमच्या मते त्यांच्या वक्तृत्वाची खरी शाळा हीच होय. प्रतिकूल माणसांत राहून, त्यांस न दुखविता, आपले म्हणणे न सोडण्याचा अभ्यास त्यांस स्वयंपाकघरातच घडला.

1878 साली माधवरावांची बदली नाशिकास झाली. येथील एका शाळेच्या समारंभात रमाबाईंस बोलण्याचा प्रसंग आला. वय अवघे पंधरा-सोळा वर्षांचे, आणि कुलीन घरातील सुनेने चार लोकांसमोर तोंड उघडणे म्हणजे घराण्याची अब्रू घालविणे, असे मानण्याचा तो काळ. भाषण माधवरावांनी लिहून दिले होते. ह्याबद्दल कोणी नाक मुरडील. पण उभे राहण्याचे धैर्य काही कोणास लिहून देता येत नाही!

पुढे मुलींच्या हायस्कुलाची मागणी पुण्यात निघाली. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे ती मागणी इंग्रजीत मांडण्याचे काम रमाबाईंनी केले. घरी आल्यावर मात्र शाबासकीऐवजी बोलणीच ऐकावी लागली. 1884 साली पुण्यास हुजूरपागेची शाळा उघडली. आज महाराष्ट्राच्या घरोघरी तिचे नाव ठाऊक आहे.

1901 साली माधवराव वारले. सुमारे एक वर्ष रमाबाई एकांतात राहिल्या. त्यानंतर त्यांनी जे श्रोते निवडले ते पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते: तुरुंगातील बंदिवान स्त्रिया, सुधारशाळेतील मुले, इस्पितळातील रोगी. अशा ठिकाणी अलंकारिक भाषा काय कामाची? आमच्या स्पर्धांतून आवाजाचे चढउतार व हातवारे ह्यांवर फार भर असतो. रमाबाईंचे बोलणे साधे, घरगुती आणि हृदयास भिडणारे असे. 1904 साली मुंबईस भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

त्यांची खरी कसोटी लागली ती सेवासदनाच्या कामी. ही संस्था 1908 साली मुंबईस व पुढील वर्षी पुण्यास निघाली. विधवा मुलींनी शिकावे, एवढ्यावर न थांबता त्यांनी परिचारिका व्हावे, परक्या माणसांची शुश्रूषा करावी, हे आईबापांच्या गळी उतरवावयाचे होते. सभेत टाळ्या मिळविणे एक, आणि आपली मुलगी इस्पितळात धाडण्यास बापाचे मन वळविणे दुसरे. येथे रमाबाईंच्या राहणीचा फार उपयोग झाला. त्यांचा पोशाख जुना आणि वागणे मर्यादेचे. त्यांनी परंपरेची थट्टा कधी केली नाही. म्हणून जुन्या वळणाच्या घरांतूनही त्यांचे म्हणणे ऐकून घेतले जाई. काही सुधारकांस हा सौम्यपणा भित्रेपणाचा वाटे. आम्हांस तसे वाटत नाही. ऐकणारा उठून गेला तर सत्य सांगावयाचे तरी कोणास?

आणि भित्रेपणाच असता तर साठीच्या घरात आल्यावर त्या स्वस्थ बसल्या असत्या. 1920 च्या सुमारास, सक्तीचे प्राथमिक शिक्षण मुलांप्रमाणे मुलींसही मिळावे म्हणून पुण्यात चळवळ झाली. तिच्या अग्रभागी त्या होत्या. स्त्रियांस मताचा अधिकार मिळावा ह्यासाठीही त्यांनी सभा भरविल्या. 1921 साली मुंबई कायदेमंडळाने तो अधिकार मान्य केला. 1924 साली रमाबाईंचे देहावसान झाले. ज्या पुण्यात बोलल्याबद्दल एके काळी त्यांस घरी बोलणी खावी लागली होती, तेथे तोवर सेवासदनातील मुली निर्धास्तपणे बोलू लागल्या होत्या.