७ दिवसांची नोटीस, ५९ वर्षांची बंदी

कॅम्पस प्लेसमेंटचं वारं सुरू झालं की कट्ट्यावर दोन शब्द हमखास कानावर पडतात, पॅकेज आणि बॉण्ड. पास आऊट झालेले सीनियर्स भेटले की त्यात तिसरा शब्द घालतात, नोटीस पीरियड. नोकरी सोडताना किती दिवस आधी सांगायचं, नाही सांगितलं तर काय कापून घेतात, रिलीव्हिंग लेटर अडवलं तर काय करायचं, वगैरे वगैरे. आजची गोष्ट अशा माणसाची आहे, ज्याने नोटीस तीन दिवस कमी दिली अशी तक्रार झाली आणि तो आपल्या खेळातून आयुष्यभरासाठी बाहेर फेकला गेला. सोडली काय होती त्याने? अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगमधली जागा. आणि धरली काय? कॉलेजच्या पोरांना बेसबॉल शिकवायची नोकरी.

त्याचं नाव रे फिशर. जन्म १८८७ चा, अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या व्हरमाँट राज्यात, मिडलबरी गावात. हा भाग डोंगराळ, थंड आणि शेतीवाडीचा. गावातच मिडलबरी कॉलेज होतं, तिथेच शिकला आणि तिथेच पिचर म्हणून नाव काढलं. कॉलेज चालू असतानाच सुट्टीत हार्टफर्डच्या प्रोफेशनल संघाकडून खेळून आला. १९१० मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हायलँडर्स संघात तो दाखल झाला. हायलँडर्स म्हणजे पुढे ज्यांना यांकीज हे नाव पडलं, तेच. कॉलेज पूर्ण केलेला खेळाडू हा त्या काळी या लीगमध्ये थोडा वेगळाच प्राणी होता. त्यात हा गडी सीझन नसताना शिकवायचं काम करायचा. मग काय, पेपरवाल्यांनी त्याचं बारसंच केलं, व्हरमाँटचा शाळामास्तर.

ज्यांनी बेसबॉल फक्त हॉलिवूडच्या सिनेमात पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं थांबू. पिचर म्हणजे ढोबळमानाने आपला बोलर. पण पळत यायचं नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभं राहून, साठ फूट सहा इंचांवर असलेल्या बॅटरकडे बॉल फेकायचा. कोपर वाकवायची मुभा असते, टप्पा मात्र नाही. म्हणजे खेळपट्टीची मदत शून्य. जे काही करायचं ते बोटांनी, मनगटाने आणि डोक्याने. आणि क्रिकेटमध्ये नसलेली एक गोष्ट इथे आहे. मॅच जिंकली किंवा हरली की तो विजय किंवा पराभव एका पिचरच्या नावावर चढतो. फिशरच्या नावावर मोठ्या लीगमध्ये १०० विजय आहेत आणि ९४ पराभव. सुपरस्टार नव्हे, पण कुठलाही संघ हौसेने ठेवून घेईल असा.

त्याच्या भात्यातला एक बॉल होता स्पिटबॉल. नावातच सगळं आलं. बॉलला थुंकी लावायची, म्हणजे तो बोटांतून निसटतो, फिरकी कमी मिळते आणि बॅटरच्या पुढ्यात अचानक खाली बसतो. आपल्याकडे बोलर थुंकीने बॉल चमकवायचे, ते कोविडच्या निमित्ताने बंद झालं. बेसबॉलने हा निर्णय १९२० मध्येच घेतला. पण ज्यांची रोजीरोटीच त्या बॉलवर होती अशा १७ पिचर्सना सूट दिली आणि त्या यादीत फिशर होता. सूट वापरायला त्याला फार वेळ मिळाला नाही, ती गोष्ट पुढे येतेच आहे.

पहिल्या महायुद्धात १९१८ चं वर्ष लष्करात गेलं. परत आला तो सिनसिनाटी रेड्सच्या संघात. १९१९ हे त्याचं झकास वर्ष. १४ विजय, ५ पराभव, आणि संघ थेट वर्ल्ड सिरीजमध्ये. समोर शिकागो व्हाइट सॉक्स. बेसबॉलच्या इतिहासातली सगळ्यात बदनाम सिरीज हीच. शिकागोचे आठ खेळाडू जुगाऱ्यांच्या पैशाच्या भानगडीत अडकले होते. तिसऱ्या मॅचला रेड्सतर्फे फिशर उभा राहिला. दुसऱ्या इनिंगमध्ये त्याच्याकडे बॉल आला, त्याने सेकंड बेसकडे फेकला आणि तो भरकटला. पाठोपाठ चिक गँडिलने फटका मारून दोन रन काढले. हा गँडिल फिक्सिंगचा म्होरक्या समजला जातो! मॅच ३-० अशी गेली. सिरीज रेड्सनी जिंकली, पण विकल्या गेलेल्या सिरीजमध्ये स्वतःची मॅच हरलेला माणूस, हे लेबल फिशरला चिकटलं ते चिकटलंच.

पुढचं वर्ष मध्यम गेलं, १० विजय आणि ११ पराभव. आणि १९२१ च्या करारात क्लबने त्याचे हजार डॉलर कापले. त्या काळी खेळाडूच्या हातात काय होतं? काहीच नाही. करारात रिझर्व्ह क्लॉज नावाचं एक कलम असायचं. सीझन संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच राहणार, त्याने दुसऱ्या क्लबशी बोलायचंसुद्धा नाही. क्लब विकेल तिकडे जायचं, देईल ते घ्यायचं, नाहीतर घरी बसायचं. बॉण्ड दोन वर्षांचा असतो म्हणून आपण कुरकुरतो, हा बॉण्ड संपायचाच नाही.

फिशरने सही केली. हे नोंदवायला हवं, कारण पुढे त्याच्या बाजूने बोलणारे हा मुद्दा जरा पटकन उरकतात. सही केली आणि मग कळलं की मिशिगन विद्यापीठाला बेसबॉलचा कोच हवाय. वय ३३. पिचरचा खांदा किती वर्षं साथ देणार? दर सीझनला बिऱ्हाड पाठीवर, पगार क्लबच्या मर्जीवर. रेड्सचे मॅनेजर पॅट मोरन यांची परवानगी घेऊन तो ॲन आर्बरला इंटरव्ह्यूला गेला, नोकरी मिळाली, त्याने मोकळं करा म्हणून सांगितलं. क्लबला ऐन सीझनच्या तोंडावर पिचर सोडायचा नव्हता. मग निघाला तो नोटिशीचा मुद्दा. नियम दहा दिवसांचा, तुम्ही दिले सात. क्लबने त्याचं नाव अपात्र खेळाडूंच्या यादीत टाकलं.

प्रकरण गेलं केनेसॉ माउंटन लँडिस यांच्याकडे. हे आधी फेडरल जज, आणि बेसबॉलचे पहिलेवहिले कमिशनर. फिक्सिंगने मळलेला खेळ धुऊन काढायला मालकांनी त्यांना आणलं होतं आणि अधिकार दिले होते अमर्याद. त्यातच पेनसिल्वेनियातल्या फ्रँकलिन गावच्या एका संघाशी फिशरचं बोलणं चालू असल्याचं लँडिसच्या कानावर गेलं. हा संघ अधिकृत संघटनेच्या बाहेरचा. झालं, शिक्षा आजन्म बंदीची. त्याच उन्हाळ्यात शिकागोच्या त्या आठ जणांनाही लँडिसनी कायमचं बाहेर काढलं. पैसे खाऊन हरल्याचा आरोप असलेले आणि मास्तरकी करायला निघालेला, शिक्षा एकच. मला विचाराल तर लँडिसना तेव्हा दरारा बसवायचा होता आणि फिशर नेमका त्या रस्त्यात सापडला.

इथून पुढे त्याला अरेतुरे करणं बरं नाही. कोच झाला की अहोजाहो आलंच.

फिशर सरांनी ॲन आर्बरमध्ये ३८ सीझन काढले. १९२१ ते १९५८. एकच कॉलेज. बंदीचा हुकूम कॉलेजच्या मैदानावर चालत नव्हता, एवढी फट त्यांना पुरली. नोकरी आरामाची मुळीच नव्हती. मिशिगनचा मार्च म्हणजे बर्फ. बेसबॉलचा सीझन वसंतातला, परीक्षा जूनच्या आत. म्हणजे खरा खेळायचा काळ जेमतेम दोन-अडीच महिने, आणि तयारी छपराखाली करायची. त्यात फक्त बेसबॉलवर भागत नसे. पहिल्या वर्षाच्या मुलांचा फुटबॉल संघही ते बघत, बास्केटबॉललाही हातभार लावत. त्या फुटबॉलच्या पोरांत एक जेराल्ड फोर्ड नावाचा होता. तो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

१९२९ आणि १९३२ मध्ये ते आपला संघ घेऊन जपानला गेले. तेव्हा जपान म्हणजे बोटीने समुद्र पार करून कित्येक दिवसांचा प्रवास. जपानमध्ये कॉलेज बेसबॉलचं वेड इतकं, की तिथल्या विद्यापीठांचे सामने बघायला अख्खं टोकियो लोटायचं. ज्या माणसाला स्वतःच्या देशातल्या अधिकृत बेसबॉलने दार बंद केलं होतं, तो परदेशात अमेरिकन बेसबॉलचा पाहुणा म्हणून मिरवत होता.

मला सगळ्यात आवडते ती मात्र त्यांच्या उन्हाळ्याची गोष्ट. सुट्टी लागली की सर व्हरमाँटला, शँप्लेन तलावाकाठी परत यायचे आणि तिथल्या उन्हाळी लीगमध्ये संघ सांभाळायचे. ही लीग कॉलेजच्या पोरांची होती. १९४६ आणि ४७ च्या उन्हाळ्यात तिथे त्यांच्या हाताखाली रॉबिन रॉबर्ट्स नावाचा पोरगा खेळला. तो कॉलेजात बास्केटबॉल खेळणारा, बेसबॉलला तसा उशिराच लागलेला. आणि तो मिशिगनचा नव्हता, मिशिगन स्टेटचा होता. ही दोन विद्यापीठं म्हणजे एकमेकांचे हाडवैरी. आपल्याकडे पुरुषोत्तमच्या वेळी दोन कॉलेजांत जे होतं, ते इथे वर्षभर चालतं. पुढच्या वसंतात हाच पोरगा आपल्याच संघाला गारद करणार हे माहीत असताना त्याला पिचिंगचे धडे द्यायचे! सरांनी दिले. पळून येऊन झपाटा निर्माण करायची सोय पिचरला नसते, तेव्हा पाय कुठे पडतो, खांदा कधी वळतो, बॉल कुठल्या क्षणी सुटतो, यावर सगळं अवलंबून असतं आणि ते स्वतःचं स्वतःला दिसत नाही. बाजूला उभं राहून कुणीतरी बघावं लागतं. रॉबर्ट्स १९४८ मध्ये फिलाडेल्फिया फिलीजकडून मोठ्या लीगमध्ये उतरला. १९५० ते १९५५ सलग सहा वर्षं त्याने दरवर्षी वीस किंवा जास्त मॅचेस जिंकल्या. एकूण २८६ विजय, आणि १९७६ मध्ये हॉल ऑफ फेम. त्याने आपल्या जडणघडणीचं श्रेय फिशर सरांना देण्यात कधी हात आखडता घेतला नाही.

मिशिगनसाठी सरांचा मोठा दिवस आला १९५३ मध्ये, ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये. फायनलला समोर टेक्सास. त्यांच्या बाकावर कोच होते बिब फॉक. आता गंमत बघा. १९१९ च्या त्या भानगडीत शिकागोचा शूलेस जो जॅक्सन बाद झाला, तेव्हा त्याच्या जागी आऊटफिल्डमध्ये आला तो हाच बिब फॉक. एका स्कँडलने ज्याला जागा मिळवून दिली तो एका बाकावर आणि त्याच स्कँडलनंतरच्या साफसफाईत ज्याची जागा गेली तो दुसऱ्या. चौतीस वर्षांनी. मिशिगन ७-५ ने जिंकलं. फिशर सर तेव्हा ६५ वर्षांचे होते. १९५८ ला निवृत्त झाले तेव्हा हिशोब होता ६३६ विजय आणि बिग टेन कॉन्फरन्सची १५ अजिंक्यपदं.

बंदीचं काय झालं? ती होती तशीच. गंमत म्हणजे साठच्या दशकात डेट्रॉइट टायगर्स आणि मिलवॉकी ब्रेव्ज या मोठ्या लीगच्या क्लबांनी आपल्या तरुण पिचर्सना शिकवायला स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये याच बंदी घातलेल्या म्हाताऱ्याला बोलावलं. फाइल कुणी उघडून बघितलीच नाही. १९७० मध्ये मिशिगनने मैदानाला त्यांचं नाव दिलं. मधल्या काळात बाहेर जग बदलत होतं. कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूने रिझर्व्ह क्लॉजविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत धाव घेतली आणि तो १९७२ मध्ये हरला. पण १९७५ च्या अखेरीस एका लवादाने त्या कलमाचा कणाच मोडला आणि खेळाडू मोकळे झाले. ज्या कलमापायी फिशर अडकले, ते त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. स्वतः ते अजून यादीतच.

शेवटी मिशिगन विद्यापीठातल्याच एका प्राध्यापकाने कागदपत्रं गोळा करून पाठपुरावा केला आणि १९८० मध्ये कमिशनर बोवी कून यांनी कळवलं, की फिशर यांच्याकडे बेसबॉल आता सन्मानाने निवृत्त झालेला खेळाडू म्हणूनच बघतं. तेव्हा त्यांचं वय होतं ९२. लँडिस वारले त्याला ३५ वर्षं उलटून गेली होती.

१९८२ च्या उन्हाळ्यात यांकी स्टेडियमवर जुन्या खेळाडूंचा मेळावा होता, त्याला फिशर सर गेले. हयात असलेल्या यांकीजमध्ये वयाने सगळ्यात मोठे तेच, ९४ वर्षांचे. यांकी स्टेडियम उभं राहिलं १९२३ मध्ये. ते ज्या न्यूयॉर्क संघाकडून आठ वर्षं खेळले, त्याच्या या मैदानावर त्यांनी एकही बॉल टाकलेला नव्हता. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ॲन आर्बरमध्ये ते गेले.