ज्याला कुणी विचारले नाही : कर्ट फ्लड

संघात एक चांगला राखीव खेळाडू आहे. तो रोज खेळत नाही, पण वेळेला धावून येतो. त्याला देऊन दुसऱ्या संघाकडून आपल्याला हवा तो खेळाडू मिळत असेल, तर सौदा करावा की करू नये? अमेरिकेत बेसबॉलचा मोसम संपला की हा वाद रंगतो. आपल्याकडे क्रिकेटच्या संघनिवडीवरून कट्ट्यावर भांडणे होतात, तशीच ही भांडणे. मालक बोलतात, वार्ताहर लिहितात, प्रेक्षक तावातावाने मते मांडतात. या गलबल्यात एके काळी एकाच माणसाला कुणी काही विचारत नसे. तो म्हणजे ज्याचा सौदा व्हायचा तो खेळाडू! हे न विचारणे न्यायाचे नाही, असे एका खेळाडूने १९६९ साली स्पष्ट सांगितले आणि त्यापायी आपले खेळाडूचे आयुष्य पणाला लावले. त्या कर्ट फ्लडची ही जीवनकहाणी.

कर्ट फ्लडचा जन्म १८ जानेवारी १९३८ रोजी टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. सहा भावंडांत तो सर्वांत धाकटा. तो लहान असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे राहावयास गेले. तेथे जॉर्ज पॉवल्स या गोऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तो बेसबॉल शिकला. अंगाने तो लहानखुरा होता, पण पायांत वेग होता आणि नजर तेज होती. त्यामुळे तो आउटफिल्डर झाला. आउटफिल्डर म्हणजे आपल्या क्रिकेटमधल्या सीमारेषेजवळच्या क्षेत्ररक्षकासारखा. उंच आलेला चेंडू पळत जाऊन झेलणे हे त्याचे काम. संघात असे तिघे असतात आणि त्यांतल्या मधल्याला सर्वांत जास्त मैदान सांभाळावे लागते. फ्लड हा असा मधला आउटफिल्डर होता.

१९५६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, सिनसिनाटीच्या संघाने वार्षिक ४,००० डॉलरवर त्याला करारबद्ध केले आणि शिकाऊ संघातून खेळण्यासाठी दक्षिणेकडील राज्यांत पाठविले. तेथे वर्णभेद उघडपणे पाळला जात होता. ज्या हॉटेलात बाकीचे खेळाडू जेवत तेथे त्याला प्रवेश नसे. एकदा एकाच दिवशी दोन सामने होते. पहिला सामना संपल्यावर सर्वांनी घामाने भिजलेले कपडे काढून एका ढिगात टाकले. फ्लडनेही टाकले. तेव्हा कपडे सांभाळणाऱ्या नोकराने त्याचे कपडे काठीच्या टोकाने उचलून वेगळे केले, कारण ते कृष्णवर्णीयांच्या धोब्याकडे धाडायचे होते! ते धुऊन येईपर्यंत फ्लड उघडा बसून राहिला आणि बाकीचे सोबती मैदानावर उतरले. अशा अवस्थेत खेळूनही त्या मोसमात त्याने २९ होमरन काढले आणि त्याची फलंदाजीची सरासरी .३४० होती. बेसबॉलमध्ये .३०० ही सरासरीसुद्धा उत्तम समजली जाते.

डिसेंबर १९५७ मध्ये तो हिवाळी सामने खेळण्यासाठी व्हेनेझुएलात असताना त्याला एक तार मिळाली. सिनसिनाटीने त्याला सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाला देऊन टाकले होते. त्या वेळी त्याचे वय १९ होते, म्हणजे आज माझे आहे तेवढेच. परक्या देशात, ओळखीचे कुणी जवळ नसताना, आपण आता कुणाचे झालो हे त्याला एका कागदावरून समजले. असा प्रसंग पुन्हा आपल्यावर येऊ द्यायचा नाही, असे त्याने त्याच वेळी मनाशी ठरविले.

सेंट लुईसमध्येही सुरुवात सुखाची नव्हती. १९५९ साली सॉली हेमस हा संघाचा व्यवस्थापक झाला. त्याचा फ्लडवर विश्वास नव्हता. त्या वर्षी फ्लड १२१ सामन्यांत मैदानात उतरला, पण फलंदाजीच्या त्याच्या अधिकृत पाळ्या अवघ्या २०८ भरल्या. म्हणजे सामना संपत आला की क्षेत्ररक्षणासाठी त्याला पाठवायचे आणि एरवी बाकावर बसवून ठेवायचे. लेखाच्या सुरुवातीला जो राखीव आउटफिल्डर सांगितला, तोच हा! या काळात त्याला देऊन टाकले असते तर कुणी हळहळले नसते. पण जुलै १९६१ मध्ये हेमस गेला आणि जॉनी कीन व्यवस्थापक झाला. त्याने फ्लडला नियमित खेळविले. त्या मोसमात फ्लडची सरासरी .३२२ झाली आणि राखीव खेळाडूचे दिवस संपले.

पुढची आठ वर्षे वैभवाची होती. १९६४ आणि १९६७ साली कार्डिनल्सने वर्ल्ड सिरीज जिंकली. १९६३ ते १९६९ अशी सलग सात वर्षे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे गोल्ड ग्लोव्ह पारितोषिक फ्लडला मिळाले. १९६६ च्या संपूर्ण मोसमात क्षेत्ररक्षणात त्याच्या नावावर एकही चूक नोंदली गेली नाही. पण दैवाची गंमत पाहा. १९६८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डेट्रॉइटविरुद्धच्या सातव्या आणि निर्णायक सामन्यात एका उंच फटक्याचा अंदाज घेताना तो चुकला. चेंडू डोक्यावरून गेला, दोन धावा झाल्या आणि पुढे तो सामना हातचा गेला. ज्याच्या झेलांवर संघ डोळे मिटून विसंबत असे, त्याची ती एक चूक लोक कित्येक वर्षे सांगत राहिले.

१९६९ मध्ये कार्डिनल्स आपल्या गटात चौथे आले. फ्लडचे वय ३१ होते आणि पगार ९०,००० डॉलर होता. ७ ऑक्टोबर १९६९ रोजी संघाने सात खेळाडूंचा एक सौदा केला. फ्लड, टिम मॅकार्व्हर आणि आणखी दोघे फिलाडेल्फियाला जायचे आणि त्यांच्या बदली डिक अ‍ॅलन व दुसरे दोघे सेंट लुईसला यायचे. बारा वर्षे ज्या संघासाठी फ्लड खेळला, त्या संघाच्या कचेरीतील एका दुय्यम अधिकाऱ्याने ही बातमी त्याला फोनवरून सांगितली.

निव्वळ खेळाच्या हिशेबाने पाहिले तर हा सौदा वेडेपणाचा नव्हता. अ‍ॅलन हा मोठा फटकेबाज. पुढच्याच मोसमात त्याने सेंट लुईससाठी ३४ होमरन काढले. फ्लडचे पाय मात्र आज ना उद्या मंदावणारच होते. तेव्हा मालकाने आपले हित पाहिले तर त्यात चुकले काय, असे कुणीही विचारील. फ्लडचा प्रश्न निराळाच होता. सौदा फायद्याचा की तोट्याचा, यावर त्याचा वाद नव्हता. माझे घर या गावात, माझा व्यवसाय या गावात, माझी माणसे या गावात. तर मी कोठे राहावे हे ठरविताना मला विचारायला नको काय, एवढेच त्याचे म्हणणे होते.

हे म्हणणे इतके धाडसाचे का ठरले, हे समजण्यासाठी त्या वेळचा करार समजला पाहिजे. प्रत्येक खेळाडूच्या करारात ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचे एक कलम असे. वर्ष संपल्यावर खेळाडूने नवा करार केला नाही तर मालकाने जुना करार आपणहून आणखी एक वर्ष वाढवावा, असा त्याचा आशय. आणि वाढविलेल्या करारातही तेच कलम! म्हणजे हे वर्ष कधी संपतच नसे. मालकाने खेळाडूला ठेवावे, दुसऱ्याला द्यावे किंवा काढून टाकावे. खेळाडूने मात्र एक तर मिळेल त्या संघात खेळावे, नाही तर खेळच सोडावा.

माझे वडील सालगडी होते. पाडव्याला साल ठरे आणि पुढच्या पाडव्याला, अंगावरची उचल फिटलेली असली, तर गडी दुसऱ्याच्या दारात जायला मोकळा होई. फ्लडला मिळणारे डॉलर आणि आमच्या घरात येणारी जोंधळ्याची पायली यांची तुलना करणे हास्यास्पद आहे, हे मला कळते. पण हे कलम वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की त्या बिचाऱ्याला पाडवाच नव्हता. एवढा पगार घेणाऱ्याने गुलामीची भाषा करावी, याबद्दल त्या वेळी अनेकांनी फ्लडची टर उडविली. त्यावर त्याचे उत्तर असे होते, की पगार मोठा झाल्याने मालकीचा संबंध बदलत नाही.

खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर यांना तो भेटला. मिलर यांनी त्याला खोटी आशा दाखविली नाही. खटला बहुधा हराल, खेळाडू म्हणून तुमचे आयुष्य संपेल आणि जिंकलात तरी तुमच्या हाती काही पडणार नाही, अशी स्पष्ट कल्पना त्यांनी दिली. फ्लडने एकच गोष्ट विचारली. याचा फायदा पुढच्या खेळाडूंना होईल का? होईल, असे उत्तर मिळताच त्याचा निश्चय झाला. डिसेंबर १९६९ मध्ये पोर्तो रिकोतील सॅन वान येथे सर्व संघांच्या खेळाडू-प्रतिनिधींची बैठक झाली. तुम्ही हे कृष्णवर्णीय म्हणून करीत आहात काय, असे तेथे त्याला विचारण्यात आले. एक कृष्णवर्णीय म्हणून आपण पुष्कळ सोसले आहे, पण हा लढा सर्व खेळाडूंसाठी आहे, असे त्याने सांगितले. बैठकीने त्याला एकमताने पाठिंबा दिला.

२४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी क्यून यांना पत्र लिहिले. बारा वर्षांच्या सेवेनंतर आपण इच्छेविरुद्ध विकत घ्यावी वा द्यावी अशी मालमत्ता नाही, आपल्याला इतर संघांच्या मागण्यांचाही विचार करू द्यावा, असा त्याचा आशय होता. क्यून यांनी नकार दिला. जानेवारी १९७० मध्ये फ्लड न्यायालयात गेला.

मे १९७० मध्ये न्यूयॉर्क येथे खटला उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग यांनी फ्लडचे वकीलपत्र घेतले होते. अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत १९४७ साली ज्याने प्रथम ओलांडली तो जॅकी रॉबिन्सन फ्लडच्या बाजूने साक्ष द्यायला आला. पण त्या वेळी प्रत्यक्ष खेळत असलेल्यांपैकी एकही खेळाडू न्यायालयात येऊन बसला नाही! प्रत्येकाला आपल्या भाकरीची काळजी होती. त्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हे सांगणे कठीण आहे.

हे कलम गेले तर श्रीमंत संघ सगळे चांगले खेळाडू गोळा करतील आणि खेळ बुडेल, असे मालकांचे म्हणणे होते. कायद्याचीही त्यांना साथ होती. मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९२२ सालीच देऊन ठेवला होता. खालची दोन्ही न्यायालये फ्लडच्या विरुद्ध गेली. १९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही पाच विरुद्ध तीन मतांनी तोच निकाल दिला. बेसबॉलला मिळालेली ही सवलत विसंगत आहे हे न्यायालयाला मान्य होते, परंतु ती दूर करणे हे संसदेचे काम आहे, अशी भूमिका बहुमताने घेतली. विरोधी मत देणाऱ्या तिघांत त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थरगुड मार्शल हे होते.

तोपर्यंत फ्लडचे खेळाडूचे आयुष्य संपलेले होते. १९७० चा संपूर्ण मोसम तो घरी बसला. १९७१ साली वॉशिंग्टनच्या संघाने त्याला १,१०,००० डॉलरवर घेतले, पण शरीर आणि मन दोन्ही साथ देईनात. १३ सामन्यांनंतर तो एकाएकी संघ सोडून युरोपला निघून गेला. स्पेनच्या मायोर्का बेटावर त्याने मद्यालय चालविले. स्वतःही दारूच्या आहारी गेला. संसार विस्कटला, पैसा संपला. पुढे तो ओकलंडला परतला आणि १९७८ साली तेथील संघाच्या सामन्यांचे रेडिओवर धावते वर्णन करू लागला. पण ज्या मैदानावर तो वाऱ्यासारखा पळत असे, तेथे खेळाडू म्हणून त्याला पुन्हा उतरता आले नाही. आणि ज्या डिक अ‍ॅलनसाठी फ्लडला दिले, त्या अ‍ॅलनचे काय झाले? त्यालाही एका मोसमानंतर कार्डिनल्सने लॉस एंजेलिसला देऊन टाकले!

परंतु त्याने पेरलेले वाया गेले नाही. १९७३ च्या करारात खेळाडूंच्या संघटनेने एक नवा नियम मिळविला. दहा वर्षे खेळलेला आणि त्यांपैकी शेवटची सलग पाच वर्षे एकाच संघात काढलेला खेळाडू त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या संघाला देता येणार नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शिकागो कब्ज संघाच्या रॉन सँटोने या नियमाचा आधार घेऊन कॅलिफोर्नियाला जायचे नाकारले. त्याला ते करता आले. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी निर्णय दिला, की मालकाला करार एकदाच एक वर्ष वाढविता येईल. त्यानंतर खेळाडू मोकळा. रिझर्व्ह क्लॉजची बेडी तुटली. खेळ बुडाला नाही. उलट मालक आणि खेळाडू दोघांच्याही उत्पन्नात मोठी भर पडली.

२० जानेवारी १९९७ रोजी लॉस एंजेलिस येथे फ्लडचे निधन झाले. दोनच दिवसांपूर्वी त्याला ५९ वर्षे पूर्ण झाली होती. दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबर १९९८ मध्ये, अमेरिकन संसदेने संमत केलेल्या एका कायद्यावर अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली. त्या कायद्याने प्रमुख बेसबॉलच्या खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचे संरक्षण मिळाले. फ्लडने न्यायालयाकडे जे मागितले होते ते जवळपास हेच. त्या कायद्याला कर्ट फ्लडचे नाव देण्यात आले आहे.

मित्रहो, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडिलांचे साल ठरत असे तेव्हा मालक आणि मध्यस्थ ओसरीवर बसून आकडा ठरवीत आणि वडील अंगणात उभे असत. आकडा ठरला की त्यांना हाक येई. मी लहान होतो, त्यामुळे त्यात काही गैर आहे असे मला तेव्हा वाटले नाही. फ्लडचे चरित्र वाचून झाल्यावर तेच अंगण डोळ्यांपुढे आले. राखीव खेळाडूला ठेवावे की द्यावे, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलता येईल, आणि बोलावेही. फक्त तो खेळाडू अंगणात उभा नसावा. तो ओसरीवर, बोलणाऱ्यांत बसलेला असावा.