बोगनवेल आणि झान बारे

मुलांनो, कुंपणावरची बोगनवेल जवळून बघा. ती गुलाबी दिसतात ना, ती फुलं नव्हेत, रंगीत पानं आहेत. खरी फुलं आत, अगदी छोटी, पांढरट. या वेलीशी एका धाडसी बाईचं नाव जोडलेलं आहे.

झान बारे यांचा जन्म १७४० साली फ्रान्समधील बर्गंडी भागात गरीब घरात झाला. पुढे त्या वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमर्सन यांचं घर सांभाळू लागल्या. कॉमर्सन यांना बोगनव्हिल यांच्या जगप्रवासाच्या मोहिमेत जागा मिळाली. पण नौदलाच्या जहाजावर बायकांना बंदी! मग झान पुरुषी कपडे घालून, त्यांचा मदतनीस बनून जहाजावर चढल्या.

त्यांच्यावर कादंबऱ्याही आल्यात. त्यात वेशांतराचा थरार असतोच. मला मात्र त्यांचे कष्ट जास्त मोठे वाटतात. कॉमर्सन यांचा पाय दुखरा, म्हणून डोंगर चढणं, झाडं गोळा करणं, ओझी वाहणं बरंचसं झान यांच्याच अंगावर पडे. १७६७ मध्ये ब्राझीलला ही वेल त्यांच्या संग्रहात आली. नाव मात्र मिळालं मोहीमप्रमुखाचं!

१७६८ मध्ये, ताहितीच्या सुमारास, बिंग फुटलं. दोघं मॉरिशसला उतरली. १७७३ मध्ये कॉमर्सन वारले. झान यांनी एका फ्रेंच सैनिकाशी लग्न केलं आणि त्या मायदेशी परतल्या. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली ज्ञात स्त्री ती हीच. १७८५ मध्ये सरकारने त्यांना पेन्शन दिली. १८०७ साली त्यांचं निधन झालं. कॉमर्सन यांनी एका वनस्पतीला त्यांचं नाव दिलं होतं, पण ते टिकलं नाही. शेवटी २०१२ मध्ये वांगी-बटाट्याच्या कुळातल्या एका नव्या वेलीला ‘सोलॅनम बारेटिए’ हे नाव मिळालं.