पोटासाठी पुन्हा पटावर

इमॅन्युएल लास्कर यांनी १८९४ ते १९२१ अशी सत्तावीस वर्षे बुद्धिबळाचे जगज्जेतेपद भूषविले. १९२५ च्या मॉस्को स्पर्धेनंतर ते पटापासून दूर झाले. गणिताच्या या पंडिताने खेळ सोडला तो स्वेच्छेने. परतणे मात्र स्वेच्छेचे नव्हते. १९३३ साली जर्मनीत नाझी सत्तेवर आले, लास्कर यांची मालमत्ता जप्त झाली आणि या ज्यू दांपत्याला देश सोडावा लागला. उतारवयात चरितार्थाला उरली ती पटावरची चौसष्ट घरे. खेळावरील प्रेमाचा विजय म्हणून या पुनरागमनाचे गोडवे गाणे म्हणजे त्यामागील अन्यायावर पांघरूण घालणे होय.

१९३४ साली झुरिचला ते पाचवे आले. पुढच्याच वर्षी मॉस्कोला, वयाच्या ६६ व्या वर्षी, एकोणीस डावांत एकही न हरता त्यांनी तिसरे स्थान पटकाविले. चाळीस वर्षांनी तरुण असलेले बोट्विनिक आणि फ्लोर अवघ्या अर्ध्या गुणाने पुढे राहिले. ज्यांनी १९२१ मध्ये जगज्जेतेपद हिरावले, त्या कापाब्लांकांनाही लास्कर यांनी येथे नमविले. व्यवहाराची निकड प्रतिभेला मारकच ठरते, असे मानणाऱ्यांनी हा डाव जरूर मांडून पाहावा! १९३६ च्या नॉटिंगहॅम स्पर्धेत मात्र ते मागे पडले. पुढे अमेरिका गाठूनही विवंचना सुटली नाही. ११ जानेवारी १९४१ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.