सोइचिरो होंडा

सोइचिरो होंडा (१७ नोव्हेंबर १९०६ - ५ ऑगस्ट १९९१) हे जपानी अभियंते, उद्योजक आणि होंडा मोटर कंपनीचे संस्थापक होते. सायकलला जोडण्याच्या छोट्या इंजिनापासून सुरुवात करून त्यांनी जगातील सर्वांत मोठी मोटारसायकल उत्पादक कंपनी उभी केली. वेगाचा ध्यास घेतलेला तंत्रज्ञ अशी त्यांची ओळख आहे. मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या मोटारसायकलींना पुढच्या चाकावर द्रवदाबावर चालणारा डिस्क ब्रेक मिळाला, त्यामागेही त्यांचाच निर्णय होता. आज दुचाकींवर सर्रास दिसणाऱ्या या ब्रेकच्या प्रसाराला त्या निर्णयाने गती दिली.

बालपण आणि उमेदवारी

होंडा यांचा जन्म शिझुओका प्रांतातील कोम्यो या खेड्यात झाला. हे ठिकाण आता हामामात्सू शहरात मोडते. वडील गिहेई लोहारकाम करीत व पुढे सायकलदुरुस्तीचे दुकान चालवीत. आई मिका विणकाम करीत असे. भात्याजवळ आणि सायकलींच्या सुट्या भागांत वाढलेल्या या मुलाला पुस्तकी अभ्यासात फारसा रस नव्हता.

१९२२ मध्ये ते टोकियोतील आर्ट शोकाई या मोटारदुरुस्तीच्या कार्यशाळेत उमेदवार म्हणून दाखल झाले. कार्यशाळेचे मालक युझो साकाकिबारा यांच्याकडून त्यांनी यंत्रदुरुस्तीबरोबरच ग्राहकाशी वागण्याची रीतही आत्मसात केली. १९२८ मध्ये साकाकिबारा यांनी त्यांना हामामात्सू येथे आर्ट शोकाईची शाखा काढण्यास परवानगी दिली. तेथे त्यांनी मोटारीच्या चाकांसाठी लाकडी आऱ्यांऐवजी ओतीव धातूचे आरे तयार केले व त्याचे एकस्व मिळवले. १९३५ मध्ये त्यांचा विवाह साची यांच्याशी झाला.

शर्यतीतील अपघात

जून १९३६ मध्ये टोकियोजवळील तामागावा धावपट्टीवर झालेल्या मोटारशर्यतीत होंडा स्वतः तयार केलेली गाडी घेऊन उतरले. धाकटे बंधू बेन्जिरो त्यांच्यासोबत गाडीत होते. भर वेगात असताना त्यांची गाडी दुसऱ्या गाडीला धडकून उलटली आणि दोघेही बाहेर फेकले गेले. बेन्जिरो यांना गंभीर दुखापत झाली. इंजिनाची शक्ती वाढवता येते, पण आयत्या वेळी गाडी आवरता आली नाही तर तीच शक्ती जिवावर बेतते, हे होंडा यांनी ऐन तारुण्यात स्वतःच्या शरीरावर अनुभवले.

पिस्टन रिंगचा व्यवसाय

यानंतर होंडा पिस्टन रिंग बनवण्याच्या उद्योगाकडे वळले व त्यांनी तोकाई सेइकी ही कंपनी चालवली. टोयोटा कंपनीकडे तपासणीसाठी पाठवलेल्या ५० रिंगांपैकी केवळ ३ उत्तीर्ण झाल्या. आपले धातुशास्त्राचे ज्ञान अपुरे आहे हे ओळखून त्यांनी हामामात्सूच्या तांत्रिक विद्यालयात वर्गांना बसण्यास सुरुवात केली. परीक्षा न दिल्यामुळे त्यांना पदविका मिळाली नाही, परंतु पिस्टन रिंगांचा दर्जा सुधारला. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या एका कारखान्यावर बॉम्ब पडले आणि १३ जानेवारी १९४५ च्या भूकंपात दुसरा कोसळला. उरलेला व्यवसाय त्यांनी टोयोटाला ४,५०,००० येनला विकला.

होंडा मोटर कंपनीची स्थापना

ऑक्टोबर १९४६ मध्ये त्यांनी हामामात्सू येथे संशोधन कार्यशाळा सुरू केली. युद्धानंतर पेट्रोलची टंचाई होती व सार्वजनिक वाहतूक कोलमडली होती. लष्कराच्या बिनतारी संदेशयंत्रांसाठी बनवलेली छोटी जनित्र-इंजिने विकत घेऊन त्यांनी ती सायकलींना जोडली. आरंभीच्या चाचण्यांत साची यांनीही ही सायकल चालवली. १९४७ मध्ये ‘ए’ प्रकारचे स्वतःचे इंजिन तयार झाले आणि २४ सप्टेंबर १९४८ रोजी १० लाख येन भांडवलावर होंडा मोटर कंपनी स्थापन झाली.

१९४९ मध्ये ‘ड्रीम डी’ ही मोटारसायकल बाजारात आली. त्याच वर्षी ताकेओ फुजिसावा कंपनीत आले. आर्थिक व विक्रीव्यवहार फुजिसावा यांनी आणि तंत्रज्ञान होंडा यांनी सांभाळायचे, ही कामाची वाटणी पुढील २४ वर्षे टिकली. १९५८ मध्ये आलेली ‘सुपर कब’ ही हलकी दुचाकी जगभर खपली. तिच्या उत्पादनाने २०१७ मध्ये १० कोटींचा टप्पा ओलांडला.

१९५४ मध्ये होंडा यांनी आईल ऑफ मान बेटावरील टीटी शर्यतीत उतरण्याचा संकल्प जाहीर केला. तेथील युरोपीय मोटारसायकली प्रत्यक्ष पाहिल्यावर आपण किती मागे आहोत हे त्यांच्या ध्यानात आले. १९५९ मध्ये कंपनीने प्रथम भाग घेतला. १९६१ मध्ये १२५ व २५० सीसी या दोन्ही गटांत पहिले पाचही क्रमांक होंडाच्या गाड्यांनी पटकावले.

सीबी ७५० आणि पुढचा ब्रेक

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी बाजारासाठी मोठ्या मोटारसायकलीची गरज जाणवू लागली. योशिरो हाराडा यांच्या नेतृत्वाखाली ७३६ सीसी क्षमतेच्या, चार सिलिंडरांच्या व ६७ अश्वशक्तीच्या सीबी ७५० चा आराखडा तयार झाला. या गाडीचा कमाल वेग ताशी सुमारे २०० किमी होता. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. गाडी थांबवताना ही सर्व ऊर्जा ब्रेकला उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. शिवाय जोराने ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. त्यामुळे थांबवण्याचे बहुतांश काम पुढच्या ब्रेकलाच करावे लागते.

तोपर्यंत बहुतेक मोटारसायकलींना ड्रम ब्रेक असत. यात चाकाच्या तुंब्यातील बंद ड्रमच्या आतल्या बाजूवर अर्धगोलाकार ब्रेक-शू दाबले जातात. वारंवार ब्रेक लावल्यास ड्रम तापून प्रसरण पावतो, शूवरील लायनरचे घर्षण घटते व ब्रेक ढिला पडतो. पाणी आत शिरले तर ते लवकर बाहेर पडत नाही. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी पोलादी चकती उघड्यावर असते व कॅलिपरमधील पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटतात. चकती वाऱ्याने थंड होते आणि तिच्यावरील पाणी झटकले जाते.

दुचाकीवरील डिस्क ब्रेक ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. १९६२ च्या लॅम्ब्रेटा टीव्ही १७५ या इटालियन स्कूटरला केबलने चालणारा पुढचा डिस्क ब्रेक होता. परंतु द्रवदाबावर चालणारा ब्रेक मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारसायकलीवर बसवणे ही वेगळी गोष्ट होती. हाराडा यांनी होंडा यांच्यापुढे दोन्ही पर्याय मांडले. ड्रम ब्रेक तयार व परिचित होता, तर डिस्क ब्रेकच्या चाचण्या अपूर्ण असल्याने गाडी बाजारात येण्यास उशीर होण्याचा संभव होता. होंडा यांनी डिस्क ब्रेकच्या बाजूने निर्णय दिला. ऑक्टोबर १९६८ मधील टोकियो मोटार प्रदर्शनात ही गाडी सादर झाली आणि १९६९ मध्ये तिची विक्री सुरू झाली. वर्षाला १,५०० गाड्या खपतील असा कंपनीचा मूळ अंदाज होता. प्रत्यक्षात तेवढी मागणी महिन्याला येऊ लागली. पुढील काही वर्षांत इतर उत्पादकांनीही मोठ्या मोटारसायकलींना पुढे डिस्क ब्रेक बसवण्यास सुरुवात केली.

मतभेद आणि निवृत्ती

याच काळात होंडा यांचा एक आग्रह मात्र अडचणीचा ठरला. इंजिन हवेनेच थंड करावे असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या आग्रहाने बनलेली आरए ३०२ ही हवेने थंड होणारी फॉर्म्युला वन गाडी ७ जुलै १९६८ रोजी फ्रेंच ग्रां प्रीमध्ये उतरली. पहिल्या काही फेऱ्यांतच तिला अपघात होऊन आग लागली व चालक जो श्लेसर यांचा मृत्यू झाला. त्या हंगामाच्या अखेरीस कंपनीने फॉर्म्युला वनमधून माघार घेतली. प्रदूषण कमी करायचे तर पाण्याने थंड होणारे इंजिनच हवे, असे कंपनीतील तरुण अभियंत्यांचे म्हणणे होते. फुजिसावा यांनी मध्यस्थी केल्यावर होंडा यांनी ते मान्य केले. त्यातून पुढे सिव्हिक ही मोटार आणि अमेरिकेच्या कडक उत्सर्जन-निकषांची पूर्तता करणारे सीव्हीसीसी इंजिन साकारले.

१९७३ मध्ये होंडा व फुजिसावा एकाच वेळी निवृत्त झाले. १९७४ मध्ये दोघांच्या देणगीतून जपानमध्ये वाहतूक व सुरक्षाशास्त्राला वाहिलेली आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये समावेश झालेले होंडा हे पहिले जपानी होते. ५ ऑगस्ट १९९१ रोजी यकृताच्या विकाराने टोकियो येथे त्यांचे निधन झाले. लोकांच्या रहदारीला अडथळा होऊ नये म्हणून कंपनीतर्फे मोठा अंत्यसंस्कार करू नये, अशी त्यांची इच्छा होती.

भारताशी संबंध

१९८४ मध्ये होंडा कंपनीने भारतात दोन भागीदाऱ्या केल्या. पुण्याच्या फिरोदिया समूहाबरोबर कायनेटिक होंडा आणि हीरो समूहाबरोबर हीरो होंडा या कंपन्या स्थापन झाल्या. १९९९ मध्ये हीरो होंडाने पुढे डिस्क ब्रेक असलेली सीबीझेड ही मोटारसायकल आणली. त्यानंतर मध्यम क्षमतेच्या भारतीय मोटारसायकलींत हा ब्रेक झपाट्याने रूढ झाला. १ एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या सर्व नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा आणि त्याहून लहान दुचाकींना किमान दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यंत्रणा बंधनकारक करण्यात आली.

ठाणे-कल्याण परिसरातील जुन्या मोटारसायकली

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात जुन्या बुलेट, येझदी, राजदूत व यामाहा आरएक्स १०० या गाड्या आजही हौसेने जपल्या जातात. त्यांना मूळचा पुढचा ब्रेक ड्रम प्रकारचा आहे. ठाण्याच्या वेशीवरील भांडुप येथे ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने बनवलेल्या लॅम्ब्रेटा स्कूटरही काहींनी राखल्या आहेत. या गाड्या घडल्या तेव्हाच्या मानाने आजची वाहतूक दाट व वेगवान आहे. पावसाळ्यात घोडबंदर मार्गावरील गायमुख घाट, मुंब्रा बाह्यवळण किंवा कल्याण-शीळ रस्ता येथे ओला झालेला जुना ड्रम ब्रेक अपुरा पडू शकतो.

अशा गाडीला डिस्क ब्रेक बसवणे म्हणजे केवळ चकती जोडणे नव्हे. कॅलिपरसाठी जागा असलेला पुढचा फोर्क, चकती बसेल असा हब, योग्य जाडीचा ॲक्सल, हँडलवरील मास्टर सिलिंडर व ब्रेक ऑइलची नळी हे सर्व एकमेकांशी जुळावे लागते. कॅलिपरच्या मानाने मास्टर सिलिंडर मोठा असल्यास लिव्हर दगडासारखा घट्ट होतो आणि लहान असल्यास तो हँडलपर्यंत दबतो. फोर्क व चौकट यांना वाढीव ताण सोसता येईल की नाही हेही पाहावे लागते. अनेकदा नवे लायनर, नवी केबल, वाटोळा करून घेतलेला ड्रम व चांगला टायर एवढ्यानेही मूळ ब्रेक पुष्कळ सुधारतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील फेरबदलांवर बंधने आहेत. त्यामुळे एमएच ०४ (ठाणे) व एमएच ०५ (कल्याण) या क्रमांकांच्या गाड्यांच्या मालकांनी काम सुरू करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करणे श्रेयस्कर ठरते.