डॉक्टर आर्मौर हान्सेन ह्यांचें चरित्र



अंगावर एखादा फिकट चट्टा उठतो. तो खाजत नाहीं, दुखत नाहीं, आणि टोंचलें तरी तेथें कळत नाहीं. ज्याच्या अंगावर तो उठतो तो मनुष्य पहिल्यानें तो सदऱ्याच्या बाहीखालीं झांकतो. मग घरचीं माणसें तो शेजाऱ्यांपासून लपवितात. आणि अशा रीतीनें बोटें वांकडीं होईपर्यंत वर्षें निघून जातात. असें कां होतें? रोगापेक्षां रोगाच्या नांवाची भीति मोठी, म्हणून. महारोग, ज्यास कुष्ठरोग किंवा रक्तपिती असेंही म्हणतात, तो वाडवडिलांच्या रक्तांतून उतरतो, किंवा तो कोणा पापाचें फळ आहे, ही समजूत फार जुनी आहे. आणि ती केवळ आपल्याच देशांत होती असेंही नाहीं. ज्या वैद्याच्या श्रमानें ह्या समजुतीचा पायाच ढांसळला त्यांचें चरित्र आज थोडक्यांत सांगावयाचें आहे. त्यांत त्यांची थोरवी सांगितली आहे तसा त्यांचा एक अपराधही सांगितला आहे, कारण दोहोंपासूनही आपणांस शिकावयाचें आहे.

युरोप खंडाच्या उत्तरेस नॉर्वे म्हणून एक थंड व डोंगराळ देश आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राच्या लांब, अरुंद खाड्या डोंगरांत दूरवर शिरल्या असून त्यांच्या कांठीं शेतकरी व मासे धरणारे लोक राहतात. एकोणिसाव्या शतकांत ह्या गरीब लोकांत कुष्ठरोग पुष्कळ होता. त्याच किनाऱ्यावरील बर्गेन शहरांत सेंट यॉर्गेन नांवाचें कुष्ठरोग्यांचें फार जुनें रुग्णालय होतें. तेथील पाळक योहान एर्न्स्ट वेलहावेन ह्यांनीं १८१६ सालीं ह्या रुग्णालयांतील दाटी, घाण व रोग्यांची हालअपेष्टा लिहून प्रसिद्ध केली, आणि ज्यांच्याकडे कोणी पाहत नसे त्यांच्याकडे सुशिक्षितांचें लक्ष वळविलें. पुढें सरकारानें नवीं रुग्णालयें बांधलीं. आणि १८५६ सालीं देशांतील सर्व कुष्ठरोग्यांची नांवनिशीवार नोंदवही सुरू केली. असल्या एका रोगाची साऱ्या राष्ट्राची नोंद ठेवण्याचा हा जगांतील पहिलाच प्रयत्न होय. त्या वेळीं ह्या लहानशा देशांत अडीच हजारांहून अधिक रोगी आढळले.

ह्याच बर्गेन शहरांत २९ जुलै १८४१ रोजीं गेरहार्ड आर्मौर हान्सेन ह्यांचा जन्म झाला. पंधरा भावंडांत ते आठवे. वडिलांचा व्यापार बुडाल्यामुळें घरीं तंगी होती, आणि आपल्या शिक्षणाचा खर्च चालविण्यासाठीं त्यांस स्वतः काम करावें लागलें. राजधानी क्रिस्तियानिया, जिला आतां ऑस्लो म्हणतात, तेथील विद्यापीठांतून १८६६ सालीं ते वैद्यकीची परीक्षा उतरले. उत्तरेकडील लोफोटेन बेटांवर मासे धरणाऱ्या लोकांत कांहीं काळ वैद्यकी करून १८६८ सालीं ते बर्गेनास परत आले व कुष्ठरोग्यांच्या सेवेंत शिरले.

तेथील मुख्य वैद्य डॉक्टर दानियेल डानियेल्सेन हे त्या काळीं ह्या रोगाचे सर्वांत मोठे जाणते मानले जात. त्यांनीं व डॉक्टर बेक ह्यांनीं १८४७ सालीं कुष्ठरोगावर एक मोठा ग्रंथ चित्रांसह प्रसिद्ध केला होता. हा रोग पिढीजात आहे, तो एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं, असें डानियेल्सेन ह्यांचें ठाम मत होतें. ह्या मताची परीक्षा करण्यासाठीं त्यांनीं रोग्यांच्या गांठींतील द्रव्य स्वतःच्या शरीरांत टोंचून घेतलें, तरी त्यांस रोग झाला नाहीं. मग एवढ्या मोठ्या गुरूच्या मतावर कोण शंका घेणार?

तरुण हान्सेन ह्यांनीं ती घेतली. पण उद्धटपणानें नव्हे, तर श्रम करून. ते खाड्यांच्या कांठच्या गांवोगांवीं हिंडले, रोग्यांच्या घरीं गेले, कोण कोणाबरोबर राहत होतें, रोग प्रथम कोणास व केव्हां झाला, हें विचारून त्यांनीं लिहून घेतलें. सरकारी नोंदवही त्यांनीं बारकाईनें चाळली. जेथें रोगी वेगळे ठेवले जात तेथें नवे रोगी कमी होत जात, असें त्यांस दिसलें. रोग जर रक्तांतूनच येत असता, तर केवळ वेगळें ठेवल्यानें तो इतक्या लवकर कां कमी व्हावा? १८७० सालीं ते बॉन व व्हिएन्ना ह्या शहरीं जाऊन सूक्ष्मदर्शक यंत्रानें शरीराचे सूक्ष्म भाग पाहण्याची विद्या शिकले.

१८७३ हें साल त्यांच्या आयुष्यांत आनंदाचें व शोकाचेंही ठरलें. जानेवारी महिन्यांत त्यांचा विवाह गुरु डानियेल्सेन ह्यांच्या कन्येशीं झाला. फेब्रुवारीच्या शेवटीं एका रोग्याच्या अंगावरील गांठीचा तुकडा घेऊन, तो खरवडून त्यांतील द्रव्य त्यांनीं कांचेवर पसरलें, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें तों लहान लहान काड्यांसारखे जीव त्यांस दिसले. पुन्हां पुन्हां, निरनिराळ्या रोग्यांच्या गांठींत, तशाच काड्या आढळल्या. हाच कुष्ठरोगाचा जंतु. परंतु त्याच वर्षाच्या आक्टोबरांत त्यांची तरुण पत्नी क्षयरोगानें वारली. क्षयाचा जंतु त्या वेळीं कोणासच ठाऊक नव्हता. तो डॉक्टर कॉख ह्यांनीं १८८२ सालीं दाखविला, आणि तो कुष्ठाच्या जंतूचा जवळचा नातलग ठरला. एका जंतूचा शोध लावणाऱ्याच्या घरीं त्याच जातीच्या दुसऱ्या जंतूनें मरण आणलें, हें मनास चटका लावणारें आहे.

१८७४ सालीं हान्सेन ह्यांनीं आपला शोध प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं जें पाहिलें तेवढेंच सांगितलें; ह्या काड्यांपासूनच रोग होतो असें सिद्ध झालें आहे, असा दावा त्यांनीं केला नाहीं. सासऱ्यांनीं त्यांचें मत मान्य केलें नाहीं, तरी त्यांच्या कामास आडकाठीही केली नाहीं. १८७५ सालीं सरकारानें हान्सेन ह्यांस साऱ्या देशाच्या कुष्ठरोगखात्याचे मुख्य वैद्य नेमिलें. १८७९ सालीं आल्बर्ट नाइसर नांवाचे एक तरुण जर्मन वैद्य बर्गेनास आले. हान्सेन ह्यांनीं त्यांस मोकळ्या मनानें सर्व दाखविलें व रोग्यांच्या गांठींचे नमुनेही दिले. नाइसर ह्यांनीं घरीं जाऊन त्या जंतूंस चांगला रंग दिला, आणि ते स्पष्ट दिसतांच हा शोध जणूं आपलाच आहे अशा रीतीनें प्रसिद्ध केला. ह्यावरून पुष्कळ वाद माजला; परंतु शेवटीं विद्वानांनीं शोधाचा मान हान्सेन ह्यांसच दिला.

आतां त्यांच्या अपराधाविषयीं. जंतु सांपडला, तरी तोच रोगाचें कारण आहे हें सिद्ध करणें राहिलें होतें. त्यासाठीं तो शरीराबाहेर वाढवून दाखवावा, किंवा त्यापासून नवा रोग उत्पन्न करून दाखवावा, असें विद्वान म्हणत. हान्सेन ह्यांनीं जनावरांवर प्रयोग केले, पण ते सर्व फसले. तेव्हां १८७९ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत त्यांनीं रुग्णालयांतील एका तेहतीस वर्षांच्या बाईच्या डोळ्यांत, दुसऱ्या रोग्याच्या गांठीच्या द्रव्यांत बुडविलेलें शस्त्र टोंचलें. तिला आधींच कुष्ठरोगाचा एक प्रकार होता; दुसरा प्रकार तिच्यांत उत्पन्न होतो कीं काय हें त्यांस पाहावयाचें होतें. तिची परवानगी त्यांनीं घेतली नाहीं, आणि काय करावयाचें आहे हेंही तिला नीट सांगितलें नाहीं. त्या बाईस नवा रोग झाला नाहीं, पण वेदना व भय मात्र झालें. तिनें आपलें दुःख रुग्णालयाच्या पाळकास सांगितलें. पाळकानें तें ऐकून सोडून दिलें नाहीं, तर वरिष्ठांस कळविलें. १८८० सालीं बर्गेन येथें न्यायालयांत चौकशी झाली. हान्सेन ह्यांनीं आपण काय केलें तें लपविलें नाहीं. परवानगी मागितली असती तर ती मिळाली नसती, हें जाणूनच आपण ती मागितली नाहीं, असें त्यांनीं कबूल केलें. न्यायालयानें त्यांस दोषी ठरवून रुग्णालयांतील वैद्याच्या जागेवरून दूर केलें. देशाच्या मुख्य वैद्याचें काम मात्र त्यांच्याकडे राहिलें.

वाचकहो, ह्या गोष्टीकडे नीट पाहा. एका बाजूस जगप्रसिद्ध शोध लावणारा विद्वान, दुसऱ्या बाजूस एक गरीब, रोगी बाई. तरी न्यायानें त्या बाईचा पक्ष घेतला. हेतु कितीही चांगला असला, तरी दुसऱ्याच्या शरीरावर आपला हक्क चालत नाहीं. आज जगांतील वैद्य रोग्यास सर्व समजावून सांगून त्याची संमति घेतल्यावांचून त्याच्यावर प्रयोग करीत नाहींत. त्या नियमाच्या इतिहासांत ह्या बाईच्या फिर्यादीचेंही स्थान आहे.

ह्या फजितीनंतर हान्सेन ह्यांनीं काम सोडलें नाहीं. गरीब रोग्यांस एका शेतावरून दुसऱ्या शेतावर पाळीपाळीनें पोसण्याकरितां फिरविण्याची जी जुनी चाल होती, ती १८७७ च्या कायद्यानें बंद झाली. १८८५ च्या कायद्यानें असें ठरलें कीं, रोग्यानें घरीं राहावयाचें तर वेगळ्या खोलींत वेगळ्या अंथरुणावर व वेगळ्या भांड्यांनिशीं राहावें. तें न साधल्यास रुग्णालयांत जावें. ह्या कायद्यांत जुलूमही होता, कारण पुष्कळांस मनाविरुद्ध घर सोडावें लागलें. पण त्या काळीं ह्या रोगावर औषधच नव्हतें. १८८८ सालीं हान्सेन अमेरिकेस गेले. नॉर्वेंतून तिकडे जाऊन राहिलेल्यांत पुष्कळ कुष्ठरोगी होते. त्यांच्या मुलानातवंडांचा त्यांनीं शोध केला, तों एकासही रोग आढळला नाहीं. रोग रक्तांतून उतरत असता तर असें झालें नसतें.

नॉर्वेंत १८७५ सालीं सुमारे सतराशें पन्नास रोगी होते. १९०१ सालीं ते सहाशेंहूनही कमी उरले. लोकांचें खाणेंपिणें व घरें सुधारलीं, ह्याचाही त्यांत वांटा असावा, असें पुढील विद्वान म्हणतात. १८९७ सालीं बर्लिन येथें कुष्ठरोगाविषयीं पहिली जागतिक परिषद भरली, तेव्हां हा रोग जंतूपासून होतो हें सर्वांनीं मान्य केलें. १९०९ सालीं दुसरी परिषद बर्गेनास भरली व हान्सेन तिचे अध्यक्ष झाले. १२ फेब्रुवारी १९१२ रोजीं, कामानिमित्त प्रवासांत असतांना, फ्लोरो गांवीं ते सत्तराव्या वर्षीं वारले. सेंट यॉर्गेन रुग्णालयांतील शेवटचे दोन रोगी १९४६ सालीं वारले, आणि आतां तेथें संग्रहालय आहे.

हान्सेन ह्यांचा जंतु बाहेर कां वाढला नाहीं, हें आज आपणांस समजतें. तो फारच मंद वाढतो. एकाचे दोन होण्यास त्यास सुमारे दोन आठवडे लागतात. कृत्रिम अन्नावर तो अद्यापि कोणासही वाढवितां आलेला नाहीं. उंदराच्या तळपायांत तो प्रथम १९६० सालीं वाढला. ह्या मंदपणामुळेंच रोग शरीरांत शिरल्यापासून दिसूं लागण्यास कित्येक वर्षें जातात, आणि लोक त्याचें खरें कारण विसरून दैवास किंवा पूर्वजांस दोष देतात. बहुतेक मनुष्यांच्या शरीरांत ह्या जंतूस हटविण्याची शक्ति जन्मतःच असते. म्हणूनच डानियेल्सेन ह्यांस स्वतःस टोंचून घेऊनही रोग झाला नाहीं. गुरूंचा प्रयोग खरा होता. त्यांतून काढलेलें अनुमान चुकीचें होतें.

जें औषध हान्सेन ह्यांस मिळालें नाहीं तें आज आपणांस मिळतें. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें दोन किंवा तीन औषधें एकत्र देण्याची रीति सांगितली. सहा महिने किंवा एक वर्ष तीं नेमानें घेतल्यास रोग बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग्यापासून दुसऱ्यास लागण होण्याचें भय राहत नाहीं. तीं सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात. म्हणून आतां कोणासही घराबाहेर घालविण्याचें कारण उरलें नाहीं. आपल्या देशांतील कुष्ठरोग्यांस कोंडून ठेवण्याविषयींचा १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. आणि कुष्ठरोग हें काडीमोडीचें कारण म्हणून ख्रिस्ती लोकांच्या कायद्यांत जें होतें, तेंही २०१९ सालीं काढून टाकलें गेलें. ह्या कायद्यांतून भीति निघाली. मनांतून ती काढणें आपल्याकडे आहे.

तेव्हां उपदेशक बंधूंनो, घरोघर फिरतांना कोणाच्या अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला, तेथील केंस विरळ झाले असले, घाम येत नसला, किंवा स्पर्श कळत नसला. कोणाच्या भुंवया झडूं लागल्या, कानाच्या पाळ्या जाड झाल्या, हातापायांस बधिरपणा आला. तर त्यास एकांतांत, आदरानें दवाखान्यांत जावयास सांगा, आणि त्याची इच्छा असल्यास स्वतः त्याच्याबरोबर जा. त्याचें नांव चावडीवर किंवा मंडळीच्या सभेंत काढूं नका. आणि कोणी रोगी आपल्यावर झालेल्या अन्यायाची गोष्ट तुम्हांस सांगूं लागला, तर बर्गेनच्या त्या पाळकाप्रमाणें ती पुरी ऐकून घ्या. चट्टा लवकर दाखविला, तर बोटें वांचतात. आणि ज्यास तो दाखवावयाचा त्याच्यावर विश्वास असला, तरच मनुष्य बाही वर करितो.